पंधरा रुपयांची तारामती

भारतीय चित्रपटाच्या पहिल्या नायिकेला मिशी होती आणि ती ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात आचाऱ्याचं काम करत होती. नाव अण्णा हरी साळुंके, पगार महिना दहा रुपये. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके त्या हॉटेलात चहाला जात. या पोराचा सडसडीत बांधा, नाजूक हात आणि चालण्याची ढब त्यांनी हेरली आणि पंधरा रुपयांवर त्याला आपल्याकडे ओढलं. पाच रुपयांच्या बढतीवर अयोध्येची महाराणी मिळाली.

किस्सा इथेच थांबवायची आपल्याकडे पद्धत आहे. ‘पहिली नायिका पुरुष होती’ हा प्रश्नमंजूषेतला हमखास प्रश्न असतो. उत्तर आलं की हशा होतो आणि गाडी पुढे दादासाहेबांच्या महतीकडे वळते. साळुंके मात्र त्या हशानंतर अठरा वर्षं चित्रपटाच्या धंद्यात होते. राणी झाले, राम झाले, सीता झाले आणि मग लुगडं घडी करून ठेवून कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभे राहिले. मूकपटाचा जन्म आणि अस्त, दोन्ही त्यांनी कामावर असताना पाहिले. त्यांना मिशीच्या विनोदात कोंबून टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिवाय त्यात मुंबईच्या सिनेमाची एक मोठी गोष्ट हरवते: हा धंदा पहिल्या दिवसापासून पगारी कामगारांच्या जिवावर उभा राहिला.

१९१२ सालचा ग्रँट रोड डोळ्यांपुढे आणावा लागतो. जवळच पिला हाऊसचा परिसर, म्हणजे मूळचं ‘प्लेहाउस’. पारशी नाटकं, उर्दू नाटकं, तमाशे, तंबूतले खेळ आणि आता ‘हलती चित्रं’ही. रात्री उशिरा खेळ सुटायचे आणि माणसं चहा-खाण्याला टेकायची. नट, पडदे रंगवणारे, हार्मोनियमवाले, तिकिटं विकणारे अशा सगळ्यांची ऊठबस या भागातल्या हॉटेलांत. पात्रांच्या शोधात निघालेला माणूस इथे फिरकला यात नवल नाही.

आणि फाळके पात्रांच्या शोधात अक्षरशः वणवण करत होते. लोणावळ्यात रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेला, जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेला, फोटोग्राफी आणि जादूचे प्रयोग पचवलेला हा चाळिशीतला गृहस्थ. १९११च्या ईस्टरला गिरगावात तंबूतल्या ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि तिथे राम-कृष्ण दिसायला लागले, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडण्याचं यंत्र घेऊन आले. यंत्र मिळालं, पैसा कसाबसा मिळाला, कथा तर पुराणात तयारच होती, राजा हरिश्चंद्र आणि राणी तारामतीची. अडलं ते बायकांपाशी.

नाटकाच्या रंगभूमीवर हा प्रश्न सुटलेला होता. मराठी संगीत नाटकात बायकांची कामं पुरुषच करत. त्यांना ‘स्त्रीपार्टी’ म्हणत आणि चांगल्या स्त्रीपार्टी नटाचा भाव नायकापेक्षा चढा असे. भाऊराव कोल्हटकरांनी ती परंपरा गाजवली, नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व तर १९०५पासून रंगभूमीवर होते आणि १९१३मध्येच त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. त्यांचं शालू नेसणं, दागिने घालणं घराघरातल्या बायकांनी उचललं. मग सिनेमाला स्त्रीपार्टी नट का मिळू नये? उत्तर सोपं आहे. बालगंधर्वांचं निम्मं सौंदर्य त्यांच्या गळ्यात होतं, आणि सिनेमा मुका. शिवाय नाटक कंपनीतला नाव कमावलेला नट असल्या बेभरवशाच्या, ‘फोटोच्या’ धंद्यात कशाला येईल?

फाळक्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. आले ते असे, की पुढच्या जाहिरातीत चांगल्या चेहऱ्याची अट घालावी लागली. कलावंतिणींच्या दारात ते जाऊन आले. तिथूनही नकार. चरित्रकार बापू वाटव्यांनी या शोधाची हकिगत रंगवून सांगितली आहे. सरस्वतीबाईंनाच, म्हणजे स्वतःच्या पत्नीला, त्यांनी तारामती होण्याची गळ घातली आणि त्यांनी ती साफ धुडकावली, असंही सांगतात. घरचं आणि कारखान्याचं सगळं सांभाळणाऱ्या बाईंनी तेवढा एक शहाणपणा केला म्हणायचा.

या पार्श्वभूमीवर साळुंके पुढे आले. नाटकात नाव नाही, गाणं नाही, घराण्याची अब्रू आड येण्याचा प्रश्न नाही. हातातलं काम सोडून नव्या कामावर रुजू झालेला एक माणूस.

रुजू व्हायचं होतं दादरला. प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वाढवायला घेतलेलं तेव्हाचं दादर म्हणजे शहराची कड होती. मोकळी जागा होती, झाडं होती, मुख्य म्हणजे ऊन होतं. दादर मेन रोडवर ‘मथुरा भवन’ नावाच्या बंगल्यात फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना एकत्रच थाटला. कारखाना हा शब्द त्यांच्या माणसांच्याही तोंडी होता. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक तोंड फिरवत, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे’ असं सांगा, अशी सूचना होती. परेश मोकाशींनी २००९मध्ये आपल्या चित्रपटाचं नाव तिथूनच उचललं. परळ-लालबागच्या गिरण्यांनी वेढलेल्या मुंबईत फॅक्टरीत नोकरी असणं हे केव्हाही प्रतिष्ठेचं.

या फॅक्टरीत सरस्वतीबाई सगळ्यांचा स्वयंपाक करत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवत, रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत. हॉटेलात लोकांसाठी रांधणाऱ्या साळुंक्यांना इथे वाढून मिळू लागलं. बदल्यात मिशी द्यावी लागली. वडील हयात असताना मिशी उतरवणं म्हणजे अपशकुन. त्या काळच्या हिंदू घरात मिशी जायची ती बाप गेल्यावरच. बायकांच्या भूमिकेतले नट त्यावरून अडून बसले आणि फाळक्यांना त्यांची समजूत घालावी लागली, ही कथा चित्रपटाच्या इतिहासात पक्की रुजली आहे. हसण्यावारी नेऊ नये. पंधरा रुपयांत त्या माणसांनी गावात, घरात, नातलगांत वावरायचा चेहरा मोडीत काढला होता.

दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र, साने विश्वामित्र, फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास आणि साळुंके तारामती. बाहेरचं चित्रीकरण कर्जतच्या अलीकडे वांगणीला झालं. तलवारी-भाले घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असं वाटलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, ही हकिगतही प्रसिद्ध आहे. सहा महिने आणि सत्तावीस दिवस काम चाललं. ३,७०० फूट फिल्म तयार झाली, म्हणजे चार रिळं.

हे काम कसलं होतं? कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला दोन फेरे, सोळा चौकटी. गती चुकली की पडद्यावर राणी पळत सुटायची. छप्पर नसलेला सेट, दिवा एकच आणि तो सूर्य, ढग आला की काम बंद. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. कुंकू, लाल काठ, ओठ सगळं काळंकुट्ट उमटे आणि निळं ते पांढरं पडे. म्हणजे आरशात शोभणारी तारामती पडद्यावर भयाण दिसू शकत होती. नाटकातला स्त्रीपार्टी नट दिव्यांच्या मंद उजेडात दहा-वीस हात दूर असे. साळुंके मात्र टळटळीत उन्हात, भिंगाच्या पुढ्यात उभे होते, आणि त्यांच्या बाजूने बोलायला गाणं नव्हतं, संवाद नव्हता. जे काय सांगायचं ते मान, खांदे आणि पदर यांनी. जलक्रीडेचा एक प्रसंग आहे: राणी आणि तिच्या सख्या पाण्यात खेळतात, राजा तिला शोधत येतो. सगळ्या सख्या पुरुष, ओल्या लुगड्यांत. आज पाहताना हसू येतं हे खरं. पण थोडं थांबून पाहिलं तर त्या घोळक्यात राणी कोणती हे लगेच कळतं, आणि ते दागिन्यांमुळे नाही.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निवडक लोकांना ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला गेला आणि ३ मे रोजी गिरगावात, सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी लागला. याच कॉरोनेशनमध्ये वर्षभर आधी, १८ मे १९१२ला, दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ लागला होता. पहिला मान कोणाचा हा वाद अजून मिटलेला नाही आणि तो इथे मिटवायचाही नाही. कॉरोनेशनचा कार्यक्रम मोठा मजेशीर होता. एका तिकिटात आयरीन डेल मारचं नृत्य, मॅक्लेमेंट्सचे विनोदी खेळ, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर आणि सोबत सत्यवचनी राजाची कथा. सहा-सहा तास चालणाऱ्या नाटकाला सरावलेल्या प्रेक्षकाला चार रिळांचा खेळ अपुराच वाटणार, म्हणून ही भर. फाळकेही काही कमी नव्हते. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, सगळं तीन आण्यांत, अशी जाहिरात त्यांनी बाहेरगावी केली आणि लोक लोटले.

इथून पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. बायका मिळत नव्हत्या म्हणून साळुंके, असं आपण समजून चालतो. पण फाळक्यांच्या दुसऱ्याच चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, बायका आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमळाबाई मोहिनी. हीच मुलगी पुढे कमळाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी. दार उघडलं गेलं होतं. तरीही चार वर्षांनी ‘लंकादहन’साठी सीता हवी होती, तेव्हा फाळक्यांनी पुन्हा साळुंक्यांनाच लुगडं नेसवलं.

कारण हिशेबाचं असावं. दुर्गाबाई आणि कमळाबाई नाटक कंपनीच्या होत्या. कंपनीचे खेळ थांबलेले होते म्हणून त्या सिनेमाला मिळाल्या. खेळ सुरू झाले की त्या परत जाणार. साळुंके पगारी होते. ऊन पडलं की हजर, ढग आला की दुसऱ्या कामाला. हातातला माणूस आणि कॅमेऱ्याची सवय झालेला चेहरा फाळक्यांना सोयीचा वाटला असेल. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मचे हाल झाले होते. अशा वेळी फूटभर फिल्मही वाया न घालवणारा नट सोन्याच्या मोलाचा.

१९१७मध्ये साळुंक्यांनी दोनदा बाईचं काम केलं. ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नव्या आवृत्तीत पुन्हा तारामती. ती ३ एप्रिलला पुण्याच्या आर्यन सिनेमात लागली. आणि ‘लंकादहन’मध्ये राम व सीता दोन्ही. भारतीय पडद्यावरची ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. पुढे शंभर वर्षं हिंदी सिनेमाने जुळ्या भावांवर जी चैन केली, तिची मुहूर्तमेढ पती आणि पत्नी एकाच देहात घालून रोवली गेली होती! ही कल्पना वाटते तेवढी वेडीवाकडी नव्हती. लंकादहनाच्या कथेत सीता अशोकवनात आणि राम समुद्रापलीकडे, दोघं एका चौकटीत येण्याचे प्रसंग मुळातच कमी. हनुमान झाले होते गणपत शिंदे. त्यांची उड्डाणं, जळती लंका असल्या करामती फाळक्यांनी हौसेने केल्या.

‘लंकादहन’ गिरगावच्या वेस्ट एंडमध्ये लागला तेव्हा पडद्यावर राम दिसताच लोक पायातल्या वहाणा काढत. तिकिटाच्या नाण्यांच्या गोण्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या, असं चित्रपट-अभ्यासक अमृत गांगर सांगतात. सीतेचे दंड जरा जास्तच भरलेले आहेत हे चाणाक्ष प्रेक्षकांच्या नजरेतून सुटलं नाही म्हणतात. पण वहाणा कोणी परत घातल्या नाहीत. श्रद्धेला दंडांचं वावडं नसतं, हे फाळक्यांनी ओळखलं होतं.

१९१८मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. भांडवलदार आले, फाळके काही काळ रुसून बाहेर पडले आणि परत आले. साळुंक्यांच्या आयुष्यातलं वळण याच काळातलं. १९२२चा ‘सत्यनारायण’, १९२३चा ‘बुद्धदेव’ अशा भूमिका त्यांनी केल्या खऱ्या, पण त्यांचं मुख्य काम आता छायाचित्रणाचं होतं. पडद्यावरच्या भूमिका बोटांवर मोजण्याइतक्या. कॅमेरामन म्हणून केलेले चित्रपट त्याच्या कितीतरी पट. १९३१पर्यंत त्यांचं नाव श्रेयनामावलीत भेटत राहतं.

फाळक्यांच्या कारखान्याची रीतच तशी होती. त्र्यंबक तेलंग हाताशी होते, ते कॅमेरा शिकले. दाबके हरिश्चंद्र होते, ते पुढे दिग्दर्शक झाले. कोणी एकच काम करायचं नाही. नट रंगही कालवणार, फिल्मही धुणार. कॅमेरा फिरवणाऱ्याला लागतं काय? मनगटाची लय, उन्हाची पारख आणि समोरच्याच्या हालचालीचा आधीच अंदाज. साळुंके पाच-सहा वर्षं भिंगासमोर उभे राहिले होते. कोणत्या कोनातून दंड भरलेला दिसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

जपानमध्ये ‘लंकादहन’च्याच वर्षी, १९१७मध्ये, तेइनोसुके किनुगासा नावाचा तरुण निक्कात्सु कंपनीत दाखल झाला. तोही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा. तिथेही बायकांची कामं पुरुष करत, तिथेही खऱ्या नट्या येऊ लागल्यावर या मंडळींवर संक्रांत आली. किनुगासा कॅमेऱ्याच्या मागे गेला, दिग्दर्शक झाला आणि त्याच्या ‘गेट ऑफ हेल’ला १९५४मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. जगाच्या चित्रपट-इतिहासात त्याच्यावर प्रकरणं आहेत. आपल्या किनुगासाच्या वाट्याला मिशीचा किस्सा आला. दोघांच्या कर्तृत्वाची बरोबरी करण्याचा हेतू नाही. दखल घेण्यातला फरक तेवढा सांगायचा आहे.

इकडे विसाच्या दशकात बरंच पालटलं होतं. १९२०मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त बायका होत्या. पेंटरांच्याच कोल्हापूरच्या कंपनीत ‘कल्याण खजिना’मध्ये नाचणारीच्या रूपात मास्टर विठ्ठल प्रथम दिसले आणि पुढे मुंबईत तलवारबाज नायक म्हणून प्रचंड गाजले. सुलोचना, पेशन्स कूपर अशा नट्यांच्या नावावर तिकिटं खपू लागली. दादरला कोहिनूर आणि रणजित असे मोठे स्टुडिओ उभे राहिले. पैकी रणजित ज्या रस्त्यावर होता, त्यालाच आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात. १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलला, त्याचे नायक मास्टर विठ्ठलच. साळुंक्यांचं काम थांबलं ते याच वर्षी. हिंदुस्थान कंपनीही बोलपटाच्या धक्क्यातून सावरली नाही.

६ फेब्रुवारी १९३२ला त्याच मॅजेस्टिकमध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ लागला, मराठीतला पहिला बोलपट. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. तारामती झाल्या होत्या गिरगावात कांदेवाडीच्या लाड घराण्यात वाढलेल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या दुर्गा खोटे. कॉरोनेशन ते मॅजेस्टिक हा पल्ला एकाच वस्तीतला. पण हॉटेलातल्या आचाऱ्याकडून कॉलेजात गेलेल्या कुलीन स्त्रीकडे ही भूमिका जायला एकोणीस वर्षं लागली. दुर्गा खोट्यांना त्याआधी समाजाचे बोल ऐकावे लागले होते, हे त्यांच्या आत्मचरित्रात वाचायला मिळतं. ते बोल ऐकण्याचं काम साळुंक्यांनी आधी करून ठेवलं होतं.

आज साळुंके पाहायचे तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे वळावं लागतं. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळं तिथे जपलेली आहेत. पहिल्यात रविवर्म्याच्या चित्राची आठवण करून देणारा प्रसंग आहे: राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतोय, शेजारी तारामती. शेवटच्यात तिच्या मानेवर तलवार उगारलेली आणि शंकर प्रकट होतात. ही रिळं १९१३ची नसून १९१७च्या आवृत्तीची आहेत, असं काही चित्रपट-इतिहासकारांचं मत आहे. त्यात तथ्य असेल तर पहिल्या तारामतीचा पहिला चेहरा आपण गमावला, आणि जो पाहतो तो चार वर्षं सरावलेल्या नटाचा. त्या शेवटच्या प्रसंगातला संयम पाहिला तर हे पटण्यासारखं वाटतं.

मूकपटांपैकी फारच थोडं आपल्या हाती उरलं आहे. आणखी काही उरलं असेलच तर ते कुठे असेल? नाशिकच्या वाड्यांत, दादर-गिरगावच्या चाळींतल्या माळ्यांवर, ट्रंकांत. हिंदुस्थान कंपनीत, कोहिनूरमध्ये किंवा एखाद्या थिएटरच्या प्रोजेक्टरवर काम केलेले पणजोबा ज्यांच्या घरात होऊन गेले, त्यांनी दिवाळीची आवराआवर करताना जुने फोटो, पगाराच्या पावत्या, हँडबिलं रद्दीत घालू नयेत. गोल डबा आढळला तर तो घरात उघडू नये, उन्हात किंवा देवघराजवळ ठेवू नये. त्या काळची नायट्रेटची फिल्म सहज पेट घेते. डबा तसाच थंड जागी ठेवावा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवावं.